लाल म्हणजे पास

"दिखाया था कि नहीं? हाँ या ना में बोलो, भिया."

राठौर साहेबांनी टेबलावरचा कागद माझ्याकडे सरकवला. चौऱ्याण्णव ओळी होत्या. त्यांचं बोट अकराव्या ओळीवर होतं. गंधवानीच्या पुढच्या एका फलियातला, म्हणजे वस्तीतला, शाळेचा हातपंप. फ्लोराइड दोन पूर्णांक आठ. ओळीच्या अगदी शेवटी एक अक्षर, एच. एच म्हणजे हाय, मर्यादेच्या वर. ते अक्षर माझ्या प्रोग्रॅमने छापलं होतं.

"दिखाया था," मी म्हणालो.

समोरच्या खुर्चीत सुमतीताई बसल्या होत्या. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मग खिडकीबाहेर पाहू लागल्या.

मी खोटं बोललो नव्हतो. तरी ते दोन शब्द मला अजून टोचतात. का, ते सांगण्यासाठीच हे लिहितो आहे.

मी देवासचा. छोट्या कारखान्यांना, लॅबना लागणारे प्रोग्रॅम लिहून देतो. राठौर साहेबांची धारला पाणी तपासायची खाजगी लॅब आहे. जिल्ह्यातल्या गावोगावच्या हातपंपांचं पाणी बाटल्यांतून तिथे येतं. काही भागांत जमिनीतल्या खडकांमुळे पाण्यात फ्लोराइड जास्त असतं. लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं की ते पाणी प्यायचं नाही. वर्षानुवर्षं प्यायलं तर मुलांचे दात डागाळतात, पुढे हाडंही आखडतात. पाण्याला चव नसते, वास नसतो. पिणाऱ्याला काही कळत नाही. कळवायचं काम लॅबचं.

सुमतीताई तिथल्या मुख्य केमिस्ट. धारच्याच जुन्या मराठी घरातल्या. तीस वर्षं त्यांच्या सहीशिवाय एकही रिपोर्ट बाहेर गेलेला नाही. निवृत्तीला अकरा महिने राहिले होते. मोहन वसुनिया हा फील्डचा माणूस. मोटरसायकलवरून बाटल्या आणतो आणि ताईंनी चिठ्ठी दिली की जाऊन पंपाचा दांडा काढतो आणि तोंडाला बोरी, म्हणजे गोणपाट, बांधतो. पंप बंद.

चूक मोहनलाच सापडली. नोव्हेंबरात तपासलेल्या शाळेच्या पंपाचं पाणी त्याने मार्चमध्ये फेरतपासणीसाठी पुन्हा आणलं. पुन्हा तोच आकडा आला. तो ताईंना म्हणाला, "ताई, ये तो पिछली बार भी ज्यादा था. इसकी पर्ची तो बनी ही नहीं." नोव्हेंबरच्या यादीत तीन पंप वाईट होते. ताईंनी दोन पंपांच्या चिठ्ठ्या केल्या. तिसरा सुटला. चार महिने शाळेतली मुलं ते पाणी पीत राहिली.

चार महिन्यांत दातांना काही होत नाही, असं ताईंनीच मला नंतर सांगितलं. मी मात्र ते वाक्य स्वतःची समजूत घालायला कधी वापरत नाही.

राठौर साहेबांनी मेमो टाइप करून ठेवला होता. सुमतीताईंचा सही करायचा अधिकार काढून घेतला जाईल. त्या येतील, बसतील, काम करतील, पण रिपोर्टवर सही दुसऱ्याची. "रंगपंचमी की छुट्टी के बाद साइन करूंगा," ते म्हणाले. "त्योहार से पहले किसी का मन क्या दुखाना."

रंगपंचमी हा शब्द ऐकला आणि मला माझंच एक वाक्य आठवलं.

दोन वर्षांपूर्वी असेच होळीचे दिवस होते. मी प्रोग्रॅम नवीन बसवला होता आणि ताईंना शिकवत होतो. त्यांनी यादी पाहिली, चष्मा पुसला, पुन्हा पाहिली. म्हणाल्या, "विनायकराव, सगळ्या ओळी एकसारख्या पांढऱ्या. वाईट तेवढ्या निराळ्या रंगात नाही का व्हायच्या? माझे डोळे आता पूर्वीसारखे नाहीत."

मी हसून म्हणालो, "ताई, हे टर्मिनल आहे, रंगपंचमी नव्हे."

त्याही हसल्या. विषय संपला. काम अर्ध्या दिवसाचं होतं आणि मी ते विनोद करून उडवून लावलं. आणि आता केबिनमध्ये ताई गप्प बसल्या होत्या. "मी यांना सांगितलं होतं," एवढंच त्या म्हणाल्या असत्या तर मेमो तिथेच फिरला असता. त्या म्हणाल्या नाहीत. मीही म्हणालो नाही.

धारहून इंदूर, इंदूरहून देवास, बसमध्ये मी दोन्ही वेळा खिडकीशी बसलो आणि बाहेरचं काहीच पाहिलं नाही. घरी पोचल्यावर राठौर साहेबांना फोन केला.

"साहब, मुझे प्रोग्राम में थोड़ा सुधार करना है. तब तक मेमो रोक लो."

"सुधार? तुमने तो कहा था, दिखाया था."

"दिखाया था. दिखा नहीं."

"रंगपंचमी तक का टाइम है, भिया."

टर्मिनल म्हणजे काय, ते आधी सांगतो. कॉम्प्युटरवरची ती काळी खिडकी, जिच्यात चित्रं नाहीत, बटणं नाहीत. एक आज्ञा टाइप करायची, एंटर दाबायचा, आणि उत्तर ओळीओळीने खालून वर सरकत येतं. ताईंच्या पडद्यावर एका वेळी पंचवीस ओळी मावतात. चौऱ्याण्णव ओळींच्या यादीत अकरावी ओळ डोळ्यांसमोर किती वेळ राहिली असेल? पापणी लवायच्या आत वर निघून गेली. शेवटी पडद्यावर उरलं ते "काम पूर्ण". मागे जाऊन वाचता येतं, ताई वाचतही. पण चौऱ्याण्णव पांढऱ्या ओळींच्या शेवटी तीन छोटे एच शोधायचे आणि त्यातला एकही सुटू द्यायचा नाही, हे काम मी कॉम्प्युटरकडून काढून एका अठ्ठावन्न वर्षांच्या बाईच्या डोळ्यांवर टाकलं होतं.

आता रंगाचं. लहानपणी देवासला गणपतीत आमची नाटकं व्हायची. संहितेत कंसात सूचना असायच्या: रडत, उठून उभा राहत. नट ती सूचना बोलत नाही, तसं करतो. टर्मिनलमध्ये रंग असाच येतो. मजकुराआधी एक न दिसणारं अक्षर, चौकोनी कंस, एकतीस आणि एम एवढं पाठवायचं. टर्मिनल ते छापत नाही. गुपचूप लाल पेन हातात घेतं आणि पुढचं लाल लिहितं. बत्तीस म्हणजे हिरवं, तेहेतीस म्हणजे पिवळं. आणि शून्य पाठवलं की पेन खाली ठेवतं, पुन्हा साधं लिहू लागतं.

मी वाईट ओळी लाल केल्या, चांगल्या हिरव्या. दुपारपर्यंत झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी पेन ड्राइव्ह घेऊन धारला हजर झालो.

ताईंनी नेहमीसारखी आज्ञा टाइप केली. पहिल्या चार ओळी हिरव्या आल्या. पाचवी लाल आली. मी ताईंकडे पाहिलं. मग सहावी लाल आली. सातवी लाल. मग शेवटपर्यंत सगळ्या लाल.

"विनायकराव," ताई शांतपणे म्हणाल्या, "धरमपुरीपासून गंधवानीपर्यंत अख्खा जिल्हा बाद झाला म्हणायचा का?"

हिरव्याची सूचना मी यादीच्या सुरुवातीला एकदाच पाठवली होती आणि लाल ओळीनंतर शून्य पाठवून पुन्हा हिरवं घ्यायला विसरलो होतो. पेन हातातच राहिलं. तीस वर्षं हे काम करतो, आणि पहिल्या दिवशीच्या पोराची चूक. तिथेच बसून दुरुस्त केलं. पुन्हा चालवलं. आता हिरव्यांमध्ये लाल ओळी अशा उठून दिसत होत्या की मला स्वतःलाच टाळी वाजवावीशी वाटली.

त्या दिवशी खऱ्या यादीत चार पंप वाईट होते. मोहन हेल्मेट काखेत घेऊन आत आला, पडद्याकडे पाहिलं आणि खुश झाला.

"वाह भिया, मस्त कर दिया. चार तो ताई ने देख लिए. बाकी हरे वाले कब तक देखेंगी?"

मला काही कळेना. "देख लिए मतलब?"

"लाल है ना. लाल मतलब ताई का टिक. पास."

मी ताईंकडे पाहिलं. ताईंनी टेबलावरचं रजिस्टर उघडून माझ्यासमोर ठेवलं. पानापानावर, प्रत्येक नमुन्यासमोर, लाल पेन्सिलीची बरोबरची खूण. तीस वर्षांची पद्धत. बाटली तपासली, आकडा ठीक निघाला, की ताई लाल टिक करतात. ज्याच्यापुढे टिक नाही तो संशयित. या लॅबमध्ये लाल म्हणजे धोका, असं कोणी कधी म्हटलंच नव्हतं. लाल म्हणजे ताईंनी पाहिलं, काळजी नको.

मी दोन वर्षं त्या टेबलाशी येत होतो. ते रजिस्टर रोज तिथे उघडं असायचं. मी ते एकदाही वाचलं नव्हतं.

"सिग्नल पे तो लाल मतलब रुको," मी मोहनला म्हणालो. वाद घालण्यासारखं काही नव्हतं, पण राहवलं नाही.

"हमारे उधर सिग्नल है ही कहाँ, भिया?" मोहन म्हणाला. "और जिस पत्थर पे लाल रंग चढ़े, उसके आगे आप भी हाथ जोड़ते हो, हम भी. एक बार खराब पंप पे लाल पट्टा मारा था मैंने. अगली बार गया तो नारियल फूटा पड़ा था."

ताई तोंडाला पदर लावून हसल्या. मग गंभीर झाल्या. "रंग ज्याला ठाऊक त्याच्याशीच बोलतो, विनायकराव. शब्द लिहा. शब्द सगळ्यांशी बोलतो."

"आपण तुमच्या खुणेचा रंग बदलू शकतो," मी म्हणालो. "तुम्ही उद्यापासून हिरवी पेन्सिल..."

"हात तीस वर्षांचा आहे हो. तुमचा प्रोग्रॅम दोन वर्षांचा. कोणी बदलायचं?"

मी बदललं. हिरवा रंग पार काढून टाकला. जे ठीक आहे त्याला रंग कशाला? सगळंच रंगवलं की काहीच दिसत नाही. चांगल्या ओळी साध्या पांढऱ्या ठेवल्या. वाईट ओळीत लाल अक्षरं नकोत, तर सगळी ओळच लाल पट्टी आणि वर पांढरी अक्षरं, म्हणजे ती पेन्सिलीच्या खुणेसारखी दिसायला नको. ओळीच्या शेवटचा तो एच गेला. त्याऐवजी ओळीच्या सुरुवातीला ठसठशीत शब्द, बंद. आणि सर्वात महत्त्वाचं म्हणजे वाईट ओळी यादीत जिथे येतील तिथे तर येतीलच, पण शेवटी पुन्हा एकत्र येतील. वर सरकून जाणार नाहीत. "काम पूर्ण" ऐवजी आता पडद्यावर शेवटी तेच उरणार: इतके पंप बंद करायचे, आणि त्यांची नावं.

वाटलं, झालं. पण मोहनला यादी कागदावर लागते. आउटपुट फाइलमध्ये घेऊन आम्ही प्रिंट काढली. मोहनने कागद डोळ्यांजवळ धरला.

"भिया, गांव के नाम के आगे ये खटमल कौन बिठा गया?"

प्रत्येक वाईट गावाच्या आधी चौकोनी कंस, आकडे, एम. नाटकात नवखा नट असतो ना, जो "रडत, आई" असं सगळंच मोठ्याने वाचून टाकतो, तसा प्रिंटर. त्याला सूचना आणि संवाद यातला फरक कळत नाही. याचा उपाय जुना आहे आणि मला माहीत असायला हवा होता. प्रोग्रॅमने लिहिण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारायचा: समोर पडदा आहे की फाइल? पडदा असेल तर रंग. फाइल असेल तर रंग नाही, फक्त शब्द. आणि आता शब्द होता. ताईंनी तो लिहायला लावला नसता, तर कागदावर वाईट पंप पुन्हा बाकीच्यांसारखेच दिसले असते.

रंगपंचमीच्या आदल्या दिवशी सकाळी नवीन यादी आली. सत्तरच्या वर नमुने होते. ताईंनी आज्ञा दिली. ओळी सरकत गेल्या आणि थांबल्या. खाली दोन लाल पट्ट्या. मोहन दारातच बूट काढत होता. तिथूनच ओरडला, "दो बंद! ताई, पर्ची बनाओ, मैं निकलता हूँ."

दारातून वाचलं त्याने, बारा-पंधरा फुटांवरून. जेवायच्या आधी त्याचा फोन आला, दोन्ही दांडे काढून झाले. मी कारखान्यांसाठी याहून मोठी कामं केली आहेत, महिनोन्‌महिने चाललेली. पण कुठल्याही कामाच्या वेळी माझा ऊर इतका भरून आला नव्हता. दोन ओळी, एक लाल पट्टी, काही अक्षरांचा संकेत आणि एक शून्य. त्या दुपारी दोन वस्त्यांत कोणी ते पाणी प्यायलं नाही.

राठौर साहेब मागे येऊन उभे होते. त्यांनी पुन्हा चालवायला सांगितलं. पुन्हा पाहिलं.

"कमाल है भिया. ये पहले होता तो मैडम से छूटता ही नहीं."

"नहीं छूटता," मी म्हणालो.

"तो पहले क्यों नहीं किया? किसी को सूझा नहीं?"

मला पुन्हा एकदा पळता आलं असतं. "नहीं सूझा" एवढंच म्हणायचं होतं. ताई रजिस्टरात टिक करत होत्या. त्यांची पेन्सिल थांबली.

"सूझा था, साहब. ताई को. दो साल पहले उन्होंने यही माँगा था. मैंने मजाक में उड़ा दिया. आपने उस दिन पूछा, दिखाया था कि नहीं, तो मैंने हाँ बोला. ये नहीं बोला कि जैसा उन्होंने कहा था वैसा दिखाता, तो दिखता."

राठौर साहेब पडद्यावरून माझ्याकडे वळले.

"उस दिन क्यों नहीं बोले?"

"हिम्मत नहीं हुई."

मी ताईंकडे वळलो आणि मराठीत म्हणालो, "ताई, तुम्ही तरी बोलायचं होतं."

"मी सांगितलं असतं तर ते तक्रार झाली असती," ताई म्हणाल्या. "तुम्ही सांगाल, म्हणून थांबले. उशीर केलात, पण सांगितलंत. आता झाली हो तुमची रंगपंचमी."

माझा तो विनोद त्यांनी दोन वर्षं जपून ठेवला होता.

"मराठी में क्या खिचड़ी पक रही है?" राठौर साहेबांनी विचारलं. आम्ही दोघांनीही सांगितलं नाही. ते केबिनमध्ये गेले आणि मेमो घेऊन आले.

"तो ये किसका है फिर?"

"मेरा," मी म्हणालो.

"तुम तो मेरे नौकर भी नहीं हो. तुमको कैसे दूँ?"

"दे दो, साहब. रख लूँगा."

त्यांनी ताईंच्या हातातली लाल पेन्सिल मागून घेतली. मेमोवरचं सुमतीताईंचं नाव खोडलं, माझं लिहिलं. अधिकार काढून घेण्याची ओळ खोडली. मग कागदाच्या कोपऱ्यात बरोबरची एक मोठी खूण केली.

"साहब, टिक मत लगाइए," ताई घाईने म्हणाल्या. "हमारे यहाँ लाल टिक मतलब पास."

"मालूम है, मैडम. इतने साल से आपके ही टिक पढ़ रहा हूँ."

तो मेमो माझ्या टेबलाच्या खणात आहे. ताई अजून सही करतात आणि लाल टिकही करतात. शाळेच्या पंपाचा दांडा मोहनने चूक सापडली त्याच दिवशी काढला होता. मुलं आता दुसऱ्या पंपाचं पाणी पितात, ज्याच्यापुढे टिक आहे. आणि मी आता कुठेही काम घ्यायला गेलो की कॉम्प्युटर बघायच्या आधी त्यांचं रजिस्टर मागतो आणि विचारतो, तुमच्याकडे लाल म्हणजे काय? लोक हसतात. हसू देतो. उत्तर मिळाल्याशिवाय मात्र एकही ओळ लिहीत नाही.